एक खापर, सात मिनिटं

कॉलेजातल्या पोरांनी लिहिलेली पहिली फिल्म बहुधा गजराच्या घड्याळाने सुरू होते. गजर वाजतो, पांघरुणातून हात बाहेर येतो, मग आरसा, मग दात घासणं. नायक घराबाहेर पडेपर्यंत दोन मिनिटं संपलेली असतात. उरलेल्या पाचांत त्याला प्रेम, बेकारी, बापाचं कर्ज आणि पश्चात्ताप एवढं सगळं उरकायचं असतं.

माझी भाची जळगावला मास कॉमला शिकते. गेल्या वर्षी तिला आणि तिच्या टोळीला सात मिनिटांची फिल्म करायची होती. त्यांची पहिली संहिता मी वाचली. गजर होताच, शिवाय तीन पिढ्या होत्या आणि एक महापूर होता.

"पूर कुठून आणशील गं?"

"आत्या, तो नंतर कॉम्प्युटरवर टाकू."

आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. एप्रिलात बोरी नदीत पोरं क्रिकेट खेळतात. मी तिला फाळक्यांची गोष्ट सांगितली. 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली आला, पण त्याआधी पैसे घालणाऱ्यांना पटवण्यासाठी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची एक छोटी फिल्म केली होती. कॅमेरा एका जागी ठेवून रोज थोडंथोडं चित्रण करायचं. पडद्यावर मात्र बघता बघता कोंब फुटतो आणि रोप वर येतं. भारतीय सिनेमाला भांडवल मिळालं ते एका वाटाण्यावर. तुम्हाला पूर कशाला हवा?

वाटाणा तिला पटला असावा, कारण पुढची संहिता एका खापरावर आली. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली की आमच्या गल्लीत खापरांची ने-आण सुरू होते. खापर म्हणजे चुलीवर पालथं घालायचं मातीचं मोठं भांडं. त्याच्यावर मांडे, म्हणजे आमची खापरावरची पुरणपोळी भाजतात. चांगलं मुरलेलं खापर घरोघर नसतं. ज्या घरी असतं त्या घरची बाई या दिवसांत जरा ताठ चालते. पोरांची गोष्ट एवढीच: एकीने दुसरीचं खापर मागून नेलं, परत केलं तेव्हा त्याला बारीक तडा होता. नेणारी बोलत नाही, देणारी विचारत नाही. दोन बायका, दोन ओटे, एक दुपार. संहितेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असा सिनेमावाल्यांचा हिशोब असतो. ही बरोबर सात पानांत बसली.

खापर आणि नटी दोन्ही एकाच घरात मिळाली, शेजारच्या जिजींकडे. जिजी तयार झाल्या, पण त्यांची एक अट होती, खापराला धक्का लागता कामा नये. आता तडा गेलेल्या खापराच्या फिल्ममध्ये खापराला तडाच जाऊ द्यायचा नाही म्हटल्यावर पोरांची तोंडं उतरली. तोडगा निघाला काजळाचा. काडीला काजळ लावून कडेपासून मध्यापर्यंत एक वाकडी रेघ ओढली, आणि हातभर अंतरावरून तीसुद्धा खरी वाटेना. कॅमेऱ्यातून मात्र काळीज चर्र झालं. यात नवल नाही. आमच्या शेजारच्या चाळीसगावात छायाचित्रकार केकी मूस टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून नजर फसेल अशी निसर्गदृश्यं उभी करायचे आणि त्यांचे फोटो काढायचे. खान्देशात या खोटेपणाला चांगली परंपरा आहे.

शूटिंग म्हणजे काय, तर वाट पाहणं. ऊन सरकण्याची, ढग जाण्याची, वीज येण्याची, आणि सगळ्यात जास्त फोन थंड होण्याची. सगळी फिल्म फोनवरच चालली होती. त्या फोनच्या माहितीपत्रकात लिहिलंय की 35 अंशांपर्यंतच वापरा. म्हणजे खान्देशात मार्च ते जून फोनने माहेरी जावं. चुलीसमोर तर तो अर्ध्या तासात मान टाकायचा. एका शहाण्याने तो फ्रीजमध्ये ठेवायला काढला, तेव्हा भाचीने हातातून हिसकावला. आत बाष्प धरलं की फोन कायमचा गेला. मग दर दोन शॉटांनंतर फोन कूलरसमोर पाटावर बसायचा आणि आम्ही सगळे उन्हात.

स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाईटखाली वेगळंच. फोनच्या पडद्यावर काळसर पट्टे वरखाली सरकायला लागले. मला वाटलं फोन गेला. कॅमेरा धरणारा मुलगा म्हणाला, काही नाही आत्या, आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला 100 वेळा मिणमिणते. आपल्या डोळ्यांना कळत नाही, पण शटर एकसाठांश सेकंदावर असलं की कॅमेऱ्याचा आणि ट्यूबचा ताल जुळत नाही. त्याने शटर एकपन्नासांश केलं, पट्टे गायब. या मुलाला बारावीला फिजिक्समध्ये काठावर मार्क होते, हे त्याने न विचारता सांगितलं.

खरा प्रश्न होता जिजींचा. कॅमेऱ्याची भीती नाही, लाजही नाही. त्यांना एकच कळेना, की तीच गोष्ट पुन्हा का करायची. त्यांनी पुरण भरलेला उंडा घेतला, दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवला, इतका पातळ की पलीकडची बांगडी दिसावी, आणि एका झटक्यात खापरावर टाकला. लाँग शॉट झाला. भाची म्हणाली, जिजी, आता हेच परत, जवळून.

"एकदाव टाकी दिधी ना पोयी, आते परत काबर टाकू? मी काय येडी शे का?"

त्यांना समजावता समजावता पोळी करपली. शेवटी जिजींना सांगितलं, की ही नवी पोळी आहे, नव्या पाहुण्यासाठी. मग त्यांनी टाकली. पुढचा प्रत्येक टेक असाच पाहुण्याच्या नावाने झाला, आणि पाहुणे म्हणजे युनिट. रीटेक जितके जास्त तितकं जेवण चांगलं, हे कळल्यावर कॅमेरावाल्याला प्रत्येक शॉटमध्ये काहीतरी खोट दिसायला लागली.

कंटिन्युइटीची वही पाहणाऱ्या मुलीची मात्र दया यायची. आधीच्या शॉटमध्ये जिजींच्या कोपराला पीठ आहे, पुढच्यात त्यांनी पदराला पुसून टाकलंय. पदर या खांद्यावर होता की त्या? चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, किती होत्या? पऱ्हाट्या भडकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात, त्यामुळे एकाच वाक्याच्या सुरुवातीला जिजींचा चेहरा लख्ख आणि शेवटाला काळोखा. ती मुलगी दर शॉटनंतर फोटो काढून ठेवायची आणि जिजींच्या हातावर परत पीठ लावायची. जिजी म्हणाल्या, सासूनेसुद्धा एवढं निरखून पाहिलं नव्हतं.

मालेगावच्या हौशी सिनेमावाल्यांनी सायकलवर कॅमेरा बसवून ट्रॉली केली आणि बैलगाडीची क्रेन केली, हे आता जगाला ठाऊक आहे. आमच्या पोरांना त्याहून वरचढ काहीतरी हवं होतं. आखाजीसाठी निंबाला झोका बांधलेलाच होता. कॅमेरावाला त्याच्यावर बसला, दोघांनी हळूच ढकललं, आणि एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर जाणारा शॉट मिळाला. पाहताना मळमळायचं, पण तो युनिटचा सगळ्यात लाडका शॉट होता. दुसरा लाडका शॉट लग्नाच्या फोटोवाल्याचा ड्रोन मागून आणून काढलेला. ड्रोनविषयी माझं मत वाईट आहे. जिथे गोष्ट सुचत नाही तिथे तो उडवतात.

आवाजाने मात्र रडवलं. चित्र वाटेल तिथे मिळतं, पण लग्नसराईतल्या गावात आवाज निवडून घेता येत नाही. डीजे थांबला की गिरणी, गिरणी थांबली की बर्फगोळेवाल्याची घंटी, आणि सगळं थांबलं की शेळी. गिरणीवाल्या भाऊंना विनंती केली, तर त्यांनी गिरणी बंद ठेवली आणि दळणाला आलेल्या सगळ्या बायकांना घेऊन शूटिंग बघायला आले. पाटीवर खडूने शॉट नंबर लिहून कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवायची, म्हणजे चित्रात हात आपटतो तो क्षण आणि आवाजातला 'टप' नंतर एकमेकांवर बसवता येतो. ही टाळी वाजवायला गल्लीतल्या पोरांची रांग लागली.

दिवस संपताना भाचीने सगळ्यांना अर्धा मिनिट नुसतं उभं राहायला लावलं. कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. रिकाम्या स्वयंपाकघराचा आवाज हवा होता म्हणे. संवादांच्या मधल्या फटी त्याने बुजवतात. मला ते थेर वाटले. नंतर हेडफोनमधून ऐकलं, तर आमच्या स्वयंपाकघराला स्वतःचा आवाज आहे. कूलरची घरघर, माठातून ठिबकणारं पाणी, राखेतला एखादा तडतडणारा निखारा, आणि बाहेर कोणीतरी कोणाला तरी हाका मारतंय. जिजींच्या घरातला तोच अर्धा मिनिट ऐकला, तो पार निराळा. आमचा आवाज त्यांच्या संवादांखाली लावून पाहिला, तर जिजी परक्या घरात बोलतायत असं वाटायला लागलं.

तडा जाण्याचा आवाज मात्र कुठेच मिळेना. खऱ्या खापराला तडा जातो तेव्हा काही मोठा आवाज होत नाही. नंतर टिचकी मारून पाहिलं की कळतं. पण प्रेक्षकाला कळायला हवं. माचिसची काडी मोडून झाली, कौल मोडून झालं. शेवटी माझ्या डब्यातलं ज्वारीचं बिबडं, म्हणजे पापडासारखं वाळवण, माईकजवळ धरून मोडलं. फिल्ममध्ये जे खापर तडकतं ते माझं बिबडं आहे. श्रेयनामावलीत त्याचा उल्लेख नाही.

एडिटिंग भाचीने जळगावला केलं, पण सुट्टीला आली तेव्हा लॅपटॉप घेऊन माझ्याच ओट्यावर बसली होती, म्हणून बरंचसं डोळ्यांनी पाहिलं. एका प्रसंगात जिजी आणि दुसरी बाई समोरासमोर बोलतायत, पण दोघीही पडद्यावर एकाच बाजूला बघताना दिसत होत्या, जणू तिसऱ्याच कोणाशी बोलतायत. दोघींच्या मधून एक रेघ कल्पायची आणि कॅमेऱ्याने ती ओलांडायची नाही, हा नियम. जेवणानंतर कॅमेरा बिनधास्त पलीकडे जाऊन बसला होता. अर्धा संवाद गेला. तो नसल्यामुळे प्रसंग सुधारला. झोक्याचा शॉट दीड सेकंद उरला. ड्रोन पूर्ण गेला, तेव्हा ज्याने तो आणला होता तो मुलगा ओट्यावरून उठून गेला आणि चहाला परत आला.

जिजी येतात त्या आधी आवाजाने, मागून अंगाने. भाचीने तसंच ठेवलं: पडद्यावर दुसरी बाई खापर पुसतेय आणि जिजींची हाक ऐकू येते, जिजी नंतर. त्याला जे-कट म्हणतात असं ती म्हणाली. आमच्या गल्लीत सगळेच जे-कटने येतात.

सगळ्यात नावाजला गेला तो शेवटचा क्लोजअप. परत आलेलं खापर जिजी हातात घेतात, तडा दिसतो, आणि त्या बघत राहतात. कपाळावर बारीक आठी, ओठ मिटलेले. कॉलेजातल्या सरांनी त्या चेहऱ्याचं फार कौतुक केलं. मी तिथे उभी होते म्हणून मला माहीत आहे. तो चेहरा चुलीवरच्या दुधाचा. दूध उतू जाईल आणि ही पोरं मला हलू देत नाहीत, एवढंच त्यात आहे. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने हेच दाखवलं होतं: एका नटाचा एकच निर्विकार चेहरा सूपच्या वाडग्याशेजारी जोडला तर लोकांना त्यात भूक दिसली, शवपेटीशेजारी जोडला तर दुःख. भाचीने दूध काढून तडा जोडला. तो चेहरा सहा सेकंद ठेवायचा की चार, यावर ती आणि कॅमेरावाला एक संध्याकाळभर भांडले. पाच ठेवला.

फिल्म गल्लीत दाखवली, गिरणीच्या भिंतीवर. बायकांनी तडा पाहिला आणि 'अरे अरे' केलं. काजळाचा तडा आहे हे युनिटने कोणाला सांगितलं नाही, मीही नाही. यंदाच्या आखाजीला जिजींकडे खापर मागायला कोणी आलंच नाही. "त्यांचं तडकलं ना," असं दोघीतिघींनी मला हळहळून सांगितलं. जिजींनी एकीचाही गैरसमज दूर केला नाही.