तुम्ही विचारलंत म्हणून: आजोबांच्या पेटीतले विमानटपाल

‘आजोबांच्या पेटीत विमानटपालाचे जुने पाकीट सापडले आहे, त्याचे किती येतील?’ विमानसेवेच्या जुन्या वस्तू मी जमवतो हे कळले की हा प्रश्न हमखास येतो आणि सोबत पाकिटाच्या फक्त पुढच्या बाजूचा फोटो असतो. मी मागची बाजू दाखवायला सांगतो, कारण पाकीट खरोखर विमानातून गेले का याचा पुरावा, म्हणजे ते पोहोचले तिथल्या टपाल कार्यालयाचा शिक्का, बहुधा तिथेच मिळतो. माझ्या मते मोल ठरते ते प्रथम या पुराव्यावर. वय आणि देखणेपण यांचा विचार त्यानंतर.

भारत–इंग्लंड विमानसेवेच्या निमित्ताने टपाल खात्याने 12 आण्यांचे तिकीट 29 मे 1948 रोजी काढले, पण एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला जाण्यासाठी मुंबईहून निघाले ते 8 जूनला. त्यामुळे 29 मेचा शिक्का असलेले, पत्ता नसलेले आणि मागे कोरे असलेले पाकीट तिकिटाच्या पहिल्या दिवसाची आठवण ठरते. प्रवास केलेले पाकीट वेगळे. दोन्हींवर तिकीट तेच असल्याने चांगले जाणकारही घाईत गफलत करतात.

त्याहून कस लागतो तो 1911 च्या पाकिटांना. त्या वर्षी 18 फेब्रुवारीला अलाहाबादच्या प्रदर्शनातून आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे यमुनेपलीकडे नैनीला नेली आणि जगातली पहिली अधिकृत विमानटपाल सेवा म्हणून त्या उड्डाणाची नोंद झाली. त्यासाठी केलेला किरमिजी रंगाचा गोल शिक्का आजही भुरळ घालतो, म्हणूनच त्याच्या नकलांपासून सावध राहावे लागते. भिंगाखाली मी दोन गोष्टी पाहतो. शाई कागदाच्या तंतूंत मुरलेली आहे की छपाईच्या बारीक ठिपक्यांची बनलेली आहे, ही पहिली. शिक्क्याची रेघ तिकिटाच्या कडेवरून पाकिटावर सलग उतरते का, ही दुसरी; तिकीट मागाहून चिकटवले असेल, तर ती रेघ कडेपाशी तुटते किंवा जराशी सरकलेली दिसते. एवढे जुळले तरी मी तज्ज्ञ समितीचे प्रमाणपत्र घ्यायला सांगतो. भावासाठी मात्र लिलावात तशीच वस्तू प्रत्यक्ष कितीला गेली ते पाहावे. विक्रेत्याने लावलेला आकडा ही फक्त त्याची अपेक्षा असते.

पाकीट धुऊ नका, तिकीट सोडवू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. वेगळे काढलेले तिकीट आपला सारा प्रवास मागे ठेवून येते.

एका प्रकारात मात्र नुकसान हाच पुरावा असतो. ‘मलबार प्रिन्सेस’ 3 नोव्हेंबर 1950 रोजी माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले आणि त्यातले सर्व 48 जण दगावले. त्या विमानातून वाचलेल्या टपालात भिजलेली, शाई पसरलेली पाकिटे आहेत, आणि संग्राहक त्यांना चांगली किंमत देतात. असे पाकीट समोर आले आणि त्यावरचे नाव-पत्ता वाचता आले, तर भावाचे बोलण्याआधी त्या कुटुंबातले कोणी हयात आहे का, याचा शोध घ्यायला मी सांगतो.