12 बाय 20 फुटांचं पत्र्याचं शेड, नोंद 3: स्क्रू कुठला आणि का

सांगाडा मागच्या नोंदीत संपला. 50×50×2 मिमी चौकोनी पाइपच्या चार पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे पाइप), दोहोंत 1.2 मीटर अंतर. आता वर 0.5 मिमीचा कलर कोटेड पत्रा: 12 फुटी सहा नग, उंचवटा 28 मिमी, दर 200 मिमीला एक. जागा भुसावळ, घराची गच्ची.

सेल्फ ड्रिलिंग स्क्रू आधी भोक पाडतो, मग आटे पाडतो, मग आवळतो. एक काम संपायच्या आत पुढचं सुरू झालं की बिघाड ठरलेला. 5.5 मिमीचा स्क्रू आटे धरल्यावर एका फेऱ्यात 1.8 मिमी पुढे सरकतो, टोकाला तेवढ्यात लोखंड कापणं जमत नाही. मग टोक जळतं, नाहीतर डोकं तुटून सॉकेटमध्ये राहतं. म्हणून दुकानात लांबीआधी टोकाचा नंबर, म्हणजे ते किती जाडी कापतं ते, विचारायचा. 2 मिमीच्या पाइपला 3 नंबर आरामात पुरतं. पण पर्लिन जिथे 5 मिमीच्या अँगलवर बसल्यात तिथे एकूण 7 मिमी जाडी होते, आणि दोघांत फट असेल तर तीही धरायची. तिथे 5 नंबरचं लांब टोक, बारीक आटे. तो मिळाला नाही तर 5 मिमीच्या ड्रिलने आधी भोक पाडून घ्यायचं, 3 नंबरवर जोर काढायचा नाही.

लांबीचा हिशोब, स्क्रू उंचवट्यावरून मारायचा धरून: उंचवटा 28, वायसर 3, पाइपची भिंत 2, टोक 9, आणि पलीकडे निघायला हवेत ते तीन आटे साडेपाच. साधारण 48. म्हणून 5.5×55 घेतले.

उंचवट्यावर मारताना एक गोची आहे. टोक पत्रा भेदून 28 मिमी पोकळीतून पाइपवर पोचतं तेव्हा आट्यांनी पत्रा आधीच धरलेला असतो. टोक पाइप कापत असतं, तेवढ्यात पत्रा आट्यांवर वर चढतो आणि मग तसाच उचललेला राहतो. उपाय साधा: स्क्रूच्या दोन्ही बाजूंच्या खोलगट भागावर पाय ठेवून पत्रा पाइपला टेकवून धरायचा. खोलगट भागातच स्क्रू मारला तर ही भानगड नाही, पण पावसाचं पाणी नेमकं तिथूनच वाहतं.

वेग 1800 आरपीएमच्या आसपास. ट्रिगर पूर्ण दाबून 2800 वर नेलं की टोक निळं पडतं, आणि निळं पडलेलं टोक पुन्हा कापत नाही, तो स्क्रू फेकायचा. इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत फिरवणारं मशीन) पत्र्याला नको, वायसर चेपून टाकतो. मॅग्नेटिक सॉकेट 8 मिमीचं. दर पंधरा-वीस स्क्रूंनी ते पुसायचं. चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटून तळाशी थर होतो, डोकं पूर्ण आत बसत नाही, स्क्रू डगमगतो आणि भोक लंबगोल होतं. मशीनला दोष देण्याआधी सॉकेटमध्ये डोकवा.

आवळणं कुठे थांबवायचं ते रबर सांगतं. लोखंडी वायसरच्या कडेला रबराची बारीक काळी रेघ दिसली की बस. रबर फुगून बाहेर आलं तर जास्त झालं, वायसर बोटाने फिरला तर कमी. आपल्याकडे हे जरा जास्तच जपावं लागतं. थंडीच्या पहाटे 15 अंशांवर असलेला पत्रा मे महिन्याच्या दुपारी 65 ला गेला तर 12 फुटांत 2.2 मिमी वाढतो. ही ओढाताण रबरानेच सोसायची असते. चेपलेलं रबर ती सोसत नाही, उन्हात तडकतं.

नग: वाऱ्याने पत्रा कडेकडून उचकटतो, म्हणून दोन्ही टोकांच्या पर्लिनवर प्रत्येक उंचवट्याला एक, मधल्या दोनवर एकाआड एक. पत्र्यामागे 16, सहा पत्र्यांचे 96, शेवटच्या कडेचे 4, मिळून 100. पत्र्यावर पत्रा चढतो त्या पाच जोडांना दर 450 मिमीला 4.8×20 चे, म्हणजे 40. इथे 3 नंबरचं टोक नको: 0.5 वर 0.5 पत्र्यात ते भोक मोठं पाडतं आणि आट्यांना धरायला काही उरत नाही. जोडासाठी बारीक टोकाचे वेगळे मिळतात. दहा टक्के जादा घ्या.

स्विच बॉक्सला सेल्फ ड्रिलिंग वापरला नाही, साधा सेल्फ टॅपिंग पुरतो. त्याला कापणारं टोक नसतं, भोक आपण पाडायचं: 1 मिमी पत्र्यात 4.2 च्या स्क्रूला 3.2 मिमी. काढून परत बसवताना आधी उलटा फिरवायचा. जुन्या आट्यात पडताना बारीकसा ‘कट्’ जाणवतो, तिथून सुलटा. थेट सुलटा फिरवला तर दुसरा आटा पडतो आणि पकड जाते, प्लास्टिकच्या बॉक्समध्ये तर एका वेळेतच.

काम संपलं त्याच संध्याकाळी मऊ झाडूने पत्रा झाडून घ्या. रात्रीच्या दवानेही कीस गंजतो आणि रंगावर तांबूस ठिपके कायमचे बसतात. गच्चीवरचा कीस चुंबकाने गोळा करायचा, पिशवीत गुंडाळलेला चुंबक असला की पिशवी उलटी करून एका झटक्यात मोकळा होतो. बिबडे-पापड वाळत घालायचे दिवस असतील तर हे दोनदा करा.