फोर व्हील ड्राइव्हची टेस्ट ड्राइव्ह मिळेपर्यंत

नवी गाडी नुसती ठाण्यात फिरवायची असती तर फ्रंट व्हील (ताकद फक्त पुढच्या चाकांना) की फोर व्हील (चारही चाकांना) हा प्रश्न आम्हाला पडलाच नसता. तो पडला गावामुळे. मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या बाजूला आमचं घर आहे आणि डांबरी रस्ता सोडल्यावरचा शेवटचा चढ मातीचा. पावसाळ्यात तिथे जुन्या हॅचबॅकची पुढची चाकं जागच्या जागी फिरायची. मग गाडी खालीच लावून सामान डोक्यावर. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर ते बंदच झालं.

कर्ज, रंग, एक्स्चेंज, सगळं पटापट झालं. अडलं ते टेस्ट ड्राइव्हला. ठाण्यातल्या शोरूममध्ये डेमो गाडी फक्त फ्रंट व्हील. "सर, गाडी तीच, एक बटण जास्त. दीड लाख कशाला घालताय?" अहो, त्या बटणासाठीच तर आलोय! तर म्हणे, "बुकिंग करा, मग मागवून देतो." फोन केला की "शनिवारी येतेय", शनिवारी गेलं की "सर्व्हिसिंगला गेलीय". एकदा रजा टाकून बाबांना घेऊन गेलो, तर तीच पांढरी फ्रंट व्हील पुसून दारात उभी. माजिवड्याच्या पुलाखालून फिरवून आणली. कोरड्या सपाट डांबरावर काय कळणार? तिथे दोन्ही सारख्याच चालतात. अशा कॉम्पॅक्ट एसयूव्हीत एरवी ताकद बहुतेक पुढच्याच चाकांना जाते. ती घसरायला लागली की मधला एक क्लच (पायाखालचा नव्हे, आपोआप चालणारा) मागची चाकं जोडून घेतो. चढावर गाडीचं वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी पडतात, त्यामुळे फ्रंट व्हीलची पंचाईत नेमकी तिथेच होते. हे मी मॅनेजरला सांगत होतो आणि तो मला सनरूफ उघडून दाखवत होता. आयुष्यभराच्या बचतीतून घ्यायची गाडी न चालवता बुक करा म्हणणं मला आजही संतापजनक वाटतं.

सुटका केली ऑफिसमधल्या मित्राने. त्याच्याकडे रेनॉची जुनी ऑल व्हील, म्हणजे फोर व्हीलवालीच, डस्टर आहे, 2014 मध्ये भारतात आलेली. तिच्यात गोल खटका असतो: टू व्हील (फक्त पुढची चाकं), ऑटो (लागेल तशी मागची), लॉक (चारही जोडलेली). म्हणजे एकाच गाडीत, त्याच टायरवर दोन्ही पर्याय तपासता येतात. भर पावसात ती आमच्या चढावर नेली. टू व्हीलवर निम्म्यात अडकली, पुढची चाकं चिखल उडवत राहिली. तिथेच खटका लॉकवर फिरवला, क्लच हळूच सोडला आणि मागून कुणी ढकलावं तशी गाडी वर निघाली. बाबा अंगणात उभे होते. म्हणाले, "हीच घे." मला तर आनंदाने ओरडावंसं वाटलं.

नवी गाडी कल्याणहून घेतली. तिथल्यांनी फोर व्हीलची डेमो कच्च्या रस्त्यावर न्यायला हरकत घेतली नाही. तुम्हीही चढाशिवाय टेस्ट ड्राइव्ह घेऊ नका आणि त्याआधी बुकिंगचा एक रुपया देऊ नका.

तुमचं जाणं-येणं ठाणे, वाशी, पनवेल आणि फार तर लोणावळा असेल तर मात्र फ्रंट व्हील घ्या. वाचलेल्या पैशांत चांगले टायर येतील. फोर व्हीलने ब्रेक लवकर लागत नाही, आणि तुंबलेल्या पाण्यातही तिचा उपयोग नाही. इंजिनात पाणी गेलं की दोन्ही सारख्याच बंद पडतात. वजन वाढतं, मायलेज थोडं कमी होतं. हो, रोड टॅक्स राहिलाच. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के, म्हणजे वरच्या दीड लाखावर आणखी 18 हजार.

घेतलीत तर चारही टायर एकाच कंपनीचे, सारखेच झिजलेले ठेवा, नाहीतर मधल्या क्लचवर विनाकारण ताण येतो. आणि गाडी बंद पडली तर दोन चाकं उचलून टोचन करू देऊ नका. अख्खी गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवा, फोनवरच तसं बजावून सांगा.