अंगठा उठेना

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. नागपूरच्या महाल भागातल्या एक निवृत्त शिक्षिका बँकेतून थेट माझ्या त्वचारोगाच्या ओपीडीत आल्या, चिडूनच. "मॅडम, मशीनवर माझा अंगठाच नाही उठून राहिला! तिथला पोरगा म्हणे, आजी, अंगठा डोक्यावर घासा. अरे बाबा, घासायला केस तर पाहिजेत!" स्कार्फ सरकवून त्या स्वतःच हसल्या. मी हसू की नको, कळेना.

भिंगातून बोटं पाहिली. टोकं लाल, चकचकीत. रेषा जवळजवळ पुसलेल्या. स्तनाचा कर्करोग, आधी डोसिटॅक्सेल हे कीमोचं औषध, आजार उलटल्यावर आता कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, 14 दिवस घ्यायच्या आणि 7 दिवस सुट्टी. या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, आणि काहींचे ठसेही जातात. हे त्यांना माहीतच नव्हतं. जिवाच्या धावपळीत ठशांची आठवण कोणाला येणार!

"म्हणजे आता मी कायमची बिनअंगठ्याची?"

ठसे गोळ्या थांबल्यावर बहुतेकांचे काही आठवड्यांत परत येतात, हे सांगितलं. केसांचं सांगणं अवघड होतं. कीमो संपून सहा महिने उलटले तरी केस भरले नाहीत, तर ते कायमचे विरळ राहू शकतात; डोसिटॅक्सेलनंतर काही जणींचं असं होतं. मिनॉक्सिडिल या केस वाढवायच्या औषधाने फरक पडलाच तर थोडा. मी हे स्पष्टच बोलते, नाहीतर माणसं जाहिरातीतल्या तेलांवर पेन्शन उडवतात.

हातांना युरियाचं मलम, भांडी घासताना हातमोजे, कढत पाणी बंद. नखं आखूड ठेवायची, कडेची कातडी कोरायची नाही. काळ्या मेंदीला तर सक्त मनाई. आणि हात दुखायला लागले, फोड आले, तर लगेच कॅन्सरच्या डॉक्टरांना कळवायचं. डोस कमी करायचा की थांबवायचा, ते ठरवतील. गोळ्या आपल्या मनाने सोडायच्या नाहीत.

राहिला दाखला. 2021 पासून तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही निघतो. सोबतच्या नातवाने तिथेच ॲप उघडलं. "आजी, पापण्या मिचकाव."

"पापण्या तरी कुठे राहिल्या रे धड!" म्हणत त्यांनी डोळे मिचकावले. दाखला निघाला.

मी पुढच्या पेशंटला हाक मारणार, तोच बाईंनी चप्पल काढून पाय स्टुलावर ठेवला. "हे अंगठ्याचं नख पाहा बरं आता. हे तर तुमच्या मशीनलाही नको असेल."