पाचवा गिअर आणि खडूची खूण

आमच्या सोसायटीत गेल्या दोन वर्षांत चौघांनी ऑटोमॅटिक गाड्या घेतल्या. बरोबरच आहे. भांडुप ते अंधेरी रोज क्लच दाबून डाव्या गुडघ्याची वाट लावायची हौस कुणाला? मी मात्र बाबांच्या जुन्या डिझेल जीपचा चार गिअरचा बॉक्स उतरवून पाच गिअरचा चढवला. बायको म्हणाली, "म्हणजे आता क्लच आणखी एकदा दाबायचा?"

हो, आणखी एकदा. चौथा गिअर, म्हणजे बाबांच्या भाषेत 'टॉप', सरळ असतो, इंजिनाचा एक फेरा म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा एक फेरा. आमच्या डिफरन्शिअलमध्ये (शाफ्टचा फेरा चाकांना देणारा गोळा) शाफ्टकडच्या लहान चक्राचे, पिनियनचे, दात 8, चाकांकडच्या मोठ्या चक्राचे, क्राउनचे, 39. म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट जवळजवळ पाच वेळा फिरतो. टायरचा एक फेरा सुमारे 2.2 मीटरचा धरा, 80 च्या वेगाला इंजिन मिनिटाला 2950 फेऱ्यांच्या घरात जातं. कापडी हुडाच्या जीपमध्ये याचा अर्थ असा की गावी जाताना वडखळला उतरलो की पुढची दहा मिनिटं सगळे एकमेकांशी ओरडून बोलायचे.

बॉक्स मिळाला कुर्ल्याला, सीएसटी रोडवर. दुकानदार सांगत होता पाचवा ओव्हरड्राइव्ह आहे, म्हणजे त्यात शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त फिरतो, पण चाचांचा (आमचे मिस्त्री) शब्दावर विश्वास नाही. त्यांनी बॉक्स फुटपाथवर आडवा ठेवला, उरलेलं तेल तळहातावर घेऊन उन्हात धरलं. पितळेची चकाकी दिसली तर सिंक्रो रिंगा (गिअर न करकरता पडावा म्हणून असलेल्या पितळी कड्या) घासल्यात असं समजायचं. दिसली नाही. मग बॉक्सच्या पुढच्या (इंजिनाकडच्या) आणि मागच्या दोन्ही शाफ्टांवर खडूने रेघ मारली, पाचवा टाकला आणि पुढचा शाफ्ट हाताने फिरवायला लागले. "आप पीछेवाला गिनो." त्यांचे 17 फेरे झाले तेव्हा माझे 20. म्हणजे 0.85. त्याच 80 ला आता इंजिन 2500. घासाघीस मग फक्त पैशांची राहिली.

एक शनिवार माझ्या मूर्खपणात गेला. मी नवी क्लचप्लेट आणली ती जुन्या बॉक्सच्या मापाची, मधले दात नव्या शाफ्टवर बसेचनात. चाचा काही बोलले नाहीत. चहा मागवला, तोही एकच.

खरा घोळ बॉक्सपासून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टांचा. जीप चारही चाकांवर चालणारी, म्हणून शाफ्ट दोन. नवा बॉक्स लांब, त्यामुळे मागचा शाफ्ट कापून आखूड करावा लागला आणि पुढचा वाढवावा लागला. लेथवर ते झालं, बॅलन्सिंगही झालं, पण 50 च्या पुढे सीटखाली असा थरथराट की आरशात मागची गाडी दिसेना. मी बेअरिंगांवर संशय घेत बसलो. चाचांनी खाली शिरून सरकत्या जोडावरचा रंग खरवडला, तेव्हा दोन बाण निघाले, एकमेकांपासून दोन दात सरकलेले. शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या चिन्हासारखा सांधा, म्हणजे क्रॉस, वाकून फिरतो तेव्हा प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो. दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे काटे एका रेषेत असले तर एकाची चूक दुसरा फेडतो. नसले तर दोघांच्या चुका तुमच्या सीटखाली येतात. जोड काढून बाणासमोर बाण बसवला, पाच मिनिटांचं काम. लेथवाल्याला फोन केला तर म्हणाला, "रंग आमचा नाही." असो.

गेल्या रविवारी बाबांना घेऊन निघालो. पनवेल सोडल्यावर पाचवा टाकला. बाबा काही बोलले नाहीत, फक्त इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी चालत्या जीपमध्ये फोन घेतला आणि आत्याशी नेहमीच्या आवाजात बोलले. कर्नाळ्याचा चढ लागला तसं इंजिन जड झालं, पाचव्यात दम नसतोच. मी अजून क्लचवर पाय ठेवतोय तेवढ्यात त्यांचा हात गुडघ्यावरून उठला. "अरे, टॉप टाक, टॉप!"

मी चौथा टाकला.

"हां," म्हणाले आणि परत फोनवर.