तुम्ही विचारलंत म्हणून: "डोकं दुखतंय, कुठला पॉइंट दाबू?"

मी अ‍ॅक्युपंक्चर करते हे कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी हात पुढे करतं आणि हाच प्रश्न विचारतं. मी उलट विचारते, नेमकं कुठे दुखतंय? कपाळ, दात किंवा जबडा असेल तर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागात, तर्जनीकडच्या हाडाच्या मध्याजवळ दाबायला सांगते. या बिंदूचं नाव हेगू. दुखणं मानेवरून वर चढत असेल तर कवटीच्या खाली, मानेच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत फेंगची असतो, तो बघते. डोकं अचानक, कधी नव्हे इतकं दुखत असेल तर मात्र बिंदू शोधत बसू नका, हॉस्पिटल गाठा.

हातावरचा बिंदू चेहऱ्यासाठी का? चिनी वैद्यकाच्या मते शरीरात चौदा मुख्य वाहिन्या आहेत, त्यांतून 'ची' म्हणजे प्राणशक्ती वाहते, आणि हेगू ज्या वाहिनीवर आहे ती हातावरून चढत नाकाच्या बाजूला संपते. शरीर उघडून पाहिलं तर अशी नळी सापडत नाही, हेही मी पेशंटला सांगते. वाहिन्यांवरच्या ३६१ बिंदूंच्या जागांचं प्रमाणीकरण जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली प्रसिद्ध केलं.

पण चित्रात बिंदू दिसला म्हणजे शरीरावर सापडला असं नाही. गाडी लागते त्यांच्यासाठीचा नेइग्वान घ्या. मनगटाच्या आतल्या घडीपासून वर दोन त्सुन, दोन कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मधोमध. त्सुन सेंटीमीटरमध्ये मोजत नाहीत. पेशंटच्याच अंगठ्याच्या सांध्याची रुंदी म्हणजे एक त्सुन. आयुर्वेदातही अंगुळं ज्याची त्याचीच धरतात. मूठ वळून मनगट थोडं आत वाकवलं की त्या कंडरा वर येतात (काहींच्या हातात त्यातली एक नसतेच, तेव्हा अंदाजाने जावं लागतं). मधल्या खळग्यात बोट टेकवून हलकेच पुढेमागे केलं की एका जागी पेशंट म्हणतो, "हां, इथे." ती जड, बधिर कळ आली की मी थांबते.

हे बोटांचं शिक्षण फार जुनं आहे. चीनमध्ये सुंग राजवटीत, १०२७ साली, राजवैद्य वांग वेइयी यांच्या देखरेखीखाली बिंदूंची छिद्रं असलेले काशाचे पुतळे ओतले गेले. परीक्षेला पुतळ्यावर मेण लिंपायचे, आत पाणी भरायचे. सुई बरोबर जागी गेली तर पाणी बाहेर यायचं, असं सांगतात.

आणि तरीही जागेबद्दलचा सगळ्यात अवघड प्रश्न आजचाच आहे. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ पेशंटवर झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना आराम पडला, भलत्याच जागी उथळ टोचलेल्यांपैकी ४४, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी २७. म्हणजे सुयांनी फरक पडला, पण नेमक्या जागेने जवळजवळ नाहीच. मला हे टोचतं, पण मी ते लपवत नाही. ऑपरेशननंतरच्या मळमळीसाठी मात्र नेइग्वानचा पुरावा बरा आहे, म्हणून त्याच्याबद्दल मी ठामपणे बोलते. एकाच बिंदूने शुगर, थायरॉइड, वजन सगळं जातं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

घरी दाबायचं तर बोटाने, मिनिट-दोन मिनिटं, सहन होईल इतकंच. गरोदर बाईने हेगू दाबू नये. परंपरेत तो त्या काळात वर्ज्य आहे. सुई घरी नकोच. खांद्यावरचा ज्यानजिंग चोळला की किती बरं वाटतं, पण त्याच्या खालीच फुप्फुसाचं टोक असतं, आणि खोल गेलेली सुई त्याला छिद्र पाडू शकते. महाराष्ट्रात या उपचारपद्धतीसाठी स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा टोचून घेण्याआधी समोरच्याला नोंदणी विचारा. विचारल्याचा ज्याला राग येईल त्याच्याकडून टोचून घेऊ नका.