तुम्ही विचारलंत म्हणून: खळीचं प्लास्टिक होतं, मग पिशवी का होत नाही?

"तुम्ही घरी स्टार्चपासून प्लास्टिक करता ना, मग त्याच्या पिशव्या का नाही करत?" हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पुढे सरकवता येईल. विचारणाऱ्याच्या मनात बरेचदा एक संशय पण असतो, की एवढं सोपं आहे तर कंपन्यांनी मुद्दाम दाबून ठेवलंय की काय. तसलं काही नाहीये. आणि सोपं पण नाहीये. म्हणजे सोपं आहे, पण जे सोपं आहे ती पिशवी नव्हे.

आधी हे खूळ लागलं कसं ते सांगतो. मी हौशी पुस्तकबांधणी करतो, जुनी पुस्तकं सुटली की परत शिवायची, पुठ्ठा चढवायचा, आणि त्याला खळ लागते. खळ म्हणजे गव्हाचा स्टार्च पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवायचा, बाकी काही नाही. एकदा उरलेली खळ काचेच्या ताटलीत तशीच राहून गेली, दोन दिवसांनी बघतो तर ताटलीला पारदर्शक पापुद्रा धरलेला, नखाने कड उचलली तर अख्खा सुटून आला, छापील कागदावर ठेवला तर खालची अक्षरं वाचता येत होती. जाम खूश झालो. मग वाकवायला गेलो आणि कट्कन मोडला. तो का मोडला हे शोधता शोधता या भानगडीत पडलो, अजून बाहेर आलेलो नाही.

स्टार्च म्हणजे झाडाने पुढच्या दिवसांसाठी बांधून ठेवलेली साखर. ग्लुकोजचे मणी ओवून केलेल्या माळा. त्यात दोन जाती, एक सरळ लांब माळ, अमायलोज, आणि दुसरी फांद्या फुटलेली, अमायलोपेक्टिन. मक्याच्या साध्या स्टार्चमध्ये साधारण पाव भाग सरळ माळा आणि बाकी सगळा फांद्यांचा पसारा. पापुद्रा धरायला सरळ माळा जास्त कामाच्या, त्या एकमेकींना चिकटून नीट बसतात. झाडाने हे सगळं बारीक कणांत इतकं घट्ट कोंबलेलं असतं की थंड पाण्यात स्टार्च विरघळत नाही, पाणी नुसतं दुधासारखं दिसतं आणि जरा वेळ ठेवलं की पांढरा गाळ तळाला.

गंमत गरम केल्यावर. ढवळत राहायचं, बराच वेळ काही होत नाही, दूध ते दूधच, आणि मग साठ-सत्तर डिग्रीच्या आसपास एकदम चमचा जड होतो. अक्षरशः एकदम. कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात, आतल्या माळा बाहेर येऊन पाण्यात पसरतात आणि ते दूध अर्धपारदर्शक, तकतकीत होतं. इतकी वर्षं करतोय तरी मी त्या वेळी भांड्यापासून हलत नाही, एक तर बघायला मजा येते आणि दुसरं म्हणजे नजर हटली की तळाला लागतं आणि गुठळ्या होतात त्या मग कशानेही मोडत नाहीत.

हे ताटलीत पातळ पसरून वाळवलं की पाणी उडून जातं, माळा जवळ येतात आणि एकमेकींना धरतात. इतकं घट्ट धरतात की वाकवलं तर सरकायला जागा उरत नाही, म्हणून मोडतं. तिथे ग्लिसरीन लागतं. ग्लिसरीन पाण्यासारखं उडून जात नाही, माळांच्या मधे घुसून बसतं आणि त्यांना एकमेकींवरून घसरू देतं. माझं प्रमाण असं, एक मोठा चमचा स्टार्च, चार मोठे चमचे पाणी, एक छोटा चमचा ग्लिसरीन, एक छोटा चमचा व्हिनेगर. व्हिनेगरचे लोक जरा जास्तच गोडवे गातात, ते म्हणे फांद्या तोडतं. आता शाळेच्या प्रयोगशाळेत यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात आणि शेवटी अल्कली घालून ते मारतात, तिथे ठीक आहे, पण छोटा चमचाभर व्हिनेगर दहा मिनिटांत किती फांद्या तोडणार. मी घालतो, कारण मिश्रण जरा सैल राहतं आणि पसरवायला बरं पडतं.

ग्लिसरीनच्या बाबतीत मात्र मी सगळ्या चुका करून बसलोय. कमी पडलं तर सुकलेल्या तळ्याच्या तळाला पडतात तशा भेगा. जास्त झालं तर तुकडा घाम आल्यासारखा ओला लागतो आणि बोटाला चिकटतो, एकावर एक ठेवलेले चार तुकडे दुसऱ्या दिवशी एकच झालेले असतात. बरं एकदा प्रमाण जमलं म्हणजे सुटलो असंही नाही. हवा दमट झाली की तोच तुकडा लिबलिबीत, कोरडी झाली की कडक, आणि महिनाभर ठेवला की आपला आपणच ताठ होत जातो, कारण माळा हळूहळू परत शिस्तीत एकमेकींशेजारी बसायला लागतात. पाव शिळा होऊन कडक होतो ना, त्यात मुख्य भाग हाच असतो. म्हणजे माझं प्लास्टिक खराब होत नाही, शिळं होतं.

आता पिशवी. केली होती एकदा. दोन मोठे तुकडे, तीन कडा खळीनेच चिकटवल्या, दोन दिवस दाबून ठेवली, दिसायला इतकी सुरेख की फोटो काढून चार जणांना पाठवला. कोरडं पुस्तक घालून घरभर फिरलो, काही झालं नाही. मग हुरूप आला आणि फ्रिजमधली पाण्याची काचेची बाटली घातली. बाटलीला बाहेरून दव धरतं ते डोक्यातच नव्हतं. आधी तळ ढगाळ झाला, मग जरा लोंबायला लागला, आणि मी "अरे अरे" म्हणेपर्यंत बाटली जमिनीवर. पिशवीचा तळ बाटलीला चिकटून खाली आलेला, ओल्या खळीसारखा. सारखा काय, खळच झाली होती ती परत.

तर उत्तर हे, पाणी. माळेतल्या प्रत्येक मण्यावर तीन ओएच गट असतात, हे पाण्याला धरायचे हूक समजा. लाखो मणी, प्रत्येकावर तीन हूक, पाणी दिसलं की धरलंच. पॉलिथिनला असा एकही हूक नाही, म्हणून त्याच्यावरून पाणी नुसतं ओघळून जातं. पण लोकांच्या लक्षात येत नाही ते हे, की स्टार्च कुजतो तोही त्याच दारातून. बुरशी आणि बॅक्टेरिया अमायलेज नावाचं एन्झाइम सोडतात, आपल्या थुंकीत असतं तेच, आणि ते काम करतं ते ओलाव्यात. पाणी आत शिरलं, माळा सैल झाल्या, एन्झाइमने मणी तोडले, साखर झाली, संपलं. पाणी बाहेर ठेवलंत तर पिशवी टिकेल, पण खाणारेही बाहेरच राहतील.

मला हे पटकन पटलं ते बांधणीमुळे. तिथे स्टार्च कोणीतरी खातं हीच मोठी डोकेदुखी, कसर लागते ती बरेचदा खळीच्या वासावर, म्हणून बांधणारे खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घालतात, विषारी असतो तो, कसर आणि बुरशी दोन्ही लांब राहतात. माझ्या एकाच टेबलावर दोन भांडी असतात, एकात खाल्लं जाऊ नये म्हणून मोरचूद आणि दुसऱ्यात खाल्लं जावं म्हणून काहीच नाही. दुसऱ्यातले तुकडे ओलसर कुंडीत पुरले तर काही आठवड्यांत शोधून सापडत नाहीत. कधीकधी कुंडीपर्यंत पण जात नाहीत, ताटलीतच हिरवी-काळी बुरशी येते. वापरायच्या आधीच विघटन.

मग दुकानात "स्टार्चची" म्हणून पिशवी मिळते ती काय असते, हा पुढचा प्रश्न. ती नुसत्या स्टार्चची नसते. कारखान्यात स्टार्च, ग्लिसरीनसारखं काहीतरी आणि थोडंसं पाणी एक्सट्रूडरमध्ये घालतात, म्हणजे गरम नळीत फिरणारा मोठा स्क्रू, तो दाबून, रगडून कण फोडतो. नुसता कोरडा स्टार्च तापवला तर वितळत नाही, त्याआधीच करपतो, पण असं मळलं की प्लास्टिकसारखा वाहतो. मग पाण्याला अडवायला त्यात दुसरा पॉलिमर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या लांब माळा, मिसळतात, बरेचदा पीबीएटी, जो येतो मुख्यतः खनिज तेलापासून पण कुजतो. इटलीच्या नोव्हामाँटचं मेटर-बी हे स्टार्चवाल्या मिश्रणातलं सगळ्यात माहितीतलं नाव. पीएलए नावाचं प्लास्टिक वेगळं, त्यात स्टार्चची साखर करतात, ती आंबवून लॅक्टिक ॲसिड, आणि त्याच्या नव्याने माळा ओवतात. आयोडीन स्टार्चला निळाकाळा करतं, त्यामुळे माझ्या तुकड्यावर थेंब टाकलात तर निळाकाळा डाग, आणि पीएलएच्या कपावर टाकलात तर ढिम्म, कारण कपात स्टार्च उरलेलाच नसतो.

इथे तो "बायो" शब्द सगळा घोळ घालतो. उसापासून पॉलिथिन करतात, ते झाडापासून आलेलं, पण अजिबात कुजत नाही. पीबीएटी तेलातून आलेलं, पण कुजतं. कुठून आलं आणि कुठे जाईल हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि छापणारे एकाच हिरव्या पानाच्या चित्रात दोन्ही उरकतात. १९८० च्या दशकात तर साध्या पॉलिथिनमध्ये थोडा स्टार्च मिसळून पिशव्या विघटनशील म्हणून विकल्या गेल्या. जीवाणूंनी स्टार्च तेवढा वेचून खाल्ला तरी पॉलिथिनचा चुरा तिथेच. मला विचाराल तर ती पिशवी साध्या पिशवीपेक्षा वाईट, अख्खी पिशवी निदान उचलता तरी येते.

"कंपोस्टेबल" हा शब्द त्यातल्या त्यात भरवशाचा, कारण त्याला मोजमाप आहे. युरोपातलं ईएन १३४३२ मानक म्हणतं की कंपोस्टमध्ये १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांपेक्षा जास्त माल उरता कामा नये, आणि ६ महिन्यांत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा. पण हे मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातल्या उष्णतेत, ५८ डिग्रीच्या आसपास. तुमच्या कुंडीत ५८ डिग्री होत नाही, समुद्रात तर नाहीच. इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये छापलेलं काम बघण्यासारखं आहे, त्यांनी वेगवेगळ्या पिशव्या मातीत पुरून, समुद्रात बुडवून ठेवल्या. "बायोडिग्रेडेबल" लिहिलेली पिशवी माती आणि समुद्रात ३ वर्षं काढूनही सामान उचलत होती. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात ३ महिन्यांत गायब, पण मातीत मात्र २७ महिन्यांनीही होती, वजन तेवढं पेलत नव्हती.

"अन्नाचं प्लास्टिक करणं पाप नाही का" असंही विचारतात. बटाट्याचे वेफर्स करणाऱ्या कारखान्यात काप धुतलेल्या पाण्यातून स्टार्च परत काढतात, तो वापरला तर कोणाच्या ताटातलं काही जात नाही. खास मका पिकवून पिशव्या करायच्या म्हटलं तर मलाही ते फारसं रुचत नाही.

माझं मत विचाराल तर स्टार्चला पाण्यापासून वाचवत बसण्यापेक्षा जिथे तो पाण्यात गेलेलाच बरा तिथे वापरावा. ओला कचरा ज्या पिशवीसकट कंपोस्टला जाणार आहे ती पिशवी. पार्सलमध्ये काचेच्या वस्तूंभोवती भरतात ते फुगीर तुकडे, स्टार्चमधल्या पाण्याची एक्सट्रूडरच्या तोंडाशी एकदम वाफ होऊन ते फुगतात, थोडे पॉपकॉर्नसारखे, आणि नळाखाली धरले की विरघळतात.

मी स्वतः हल्ली फक्त बियांच्या पट्ट्या करतो. गाजराचं बी इतकं बारीक की हाताने पेरलं तर एका जागी झुबका आणि पुढे वीतभर काही नाही, म्हणून पातळ पापुद्र्याच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापायच्या, त्यावर सारख्या अंतराने बी, पट्टी मातीत आडवी ठेवायची, वर जरा माती आणि पाणी. पट्टी जाते विरघळून, बी जागच्या जागी. पहिल्या वेळी शहाणपणा करून ओल्या खळीवरच बी टाकलं आणि वाळत ठेवलं, त्या आठवड्यात हवा दमट, खळ काही वाळेना, आणि बी ताटलीतच उगवलं. बारीक पांढरे मोड, अगदी सारख्या अंतरावर. आता पट्टी आधी कडकडीत वाळवतो आणि बी खळीच्या एकेका ठिपक्याने चिकटवतो, मोरचूद नसलेल्या भांड्यातल्या, हे झाकणावर लिहून ठेवलंय कारण एकदा भांडी बदलली होती.